पांढऱ्या पडलेल्या पाटल्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. यांना नाही, पोटच्या पोरींना नाही. देवापुढे हात जोडून उभी राहिले तेव्हा ओठांवर आलं होतं – गिळलं. आज तुमच्यापुढे बोलायला बसले आहे तर मध्ये अडवू नका. अडवलंत की मी विषय बदलते, ती माझी जुनी खोड आहे. बघा, आत्तासुद्धा मूळ गोष्ट सोडून आधी दागिन्यांचं काहीतरी बोलावंसं वाटतंय.

बोलतेच. ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझं माहेर नगरचं. वडिलांचं भुसार मालाचं दुकान आणि आम्ही तिघी बहिणी. तिघींची लग्नं उठून दिसली पाहिजेत, सोनं मात्र बेताचं – मग काय करायचं? मोठं दिसणारं, आतून पोकळ असं करायचं. बोरमाळ पाहिली असेल ना तुम्ही? टपोरे बोराएवढे मणी. तो सोन्याचा नुसता पापुद्रा असतो, आत लाख भरलेली. गळ्यात घातली की बाई कशी भरल्यासारखी दिसते! पण न्हाताना काढा, चुलीपुढे बसताना काढा, नाहीतर लाख मऊ पडते आणि मणी बसतो. ठुशीचं सोनं टिकतं, पण धागा कुजतो. कुड्या जपून घातल्या तर लेकीच्या कानात जातात, फक्त त्यांचं मळसूत्र झिजतं. हे सगळे सणासुदीचे दागिने. पाटलीचं तसं नाही. पाटली कामाच्या हातात असते. धुण्याच्या दगडावर आपटते, जात्याला घासते, भांड्यांत वाजते. म्हणून पाटली भरीव पाहिजे. माझ्या पोकळ होत्या. वरून पत्रा, आत लाख.

लग्न होऊन मी भिंगारला आले. हे कचेरीत कारकून, दीर मिलिटरीच्या वर्कशॉपात फिटर, सासरे नव्हते, घरात राज्य सासूबाईंचं. पहिल्याच वर्षी कपडे आपटताना माझी एक पाटली चेपली, तिला चीर गेली आणि आतली तांबडी लाख भुग्यासारखी गळायला लागली. सासूबाईंनी तो भुगा चिमटीत धरला आणि शेजारणीला दाखवला. ‘आमच्या थोरलीचं सोनं सांडतंय बघा.’ दोघी हसल्या. मीही हसले. मग न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. एवढंसं बोलणं, पण मला ते फार लागलं. माझ्या वडिलांचा सगळा दिखाऊपणाच त्या चिमटीत आल्यासारखं वाटलं मला.

पण यात शालनचा काय दोष? ती तर तेव्हा या घरात आलीसुद्धा नव्हती.

शालन माझी धाकटी जाऊ. तिसगावच्या पलीकडच्या एका वाडीतली, आई लहानपणीच वारलेली. वडिलांनी तिला जास्त काही घातलं नाही. मणीमंगळसूत्र, कानातलं आणि आईच्या दोन पाटल्या. पण काय पाटल्या होत्या त्या! भरीव. वापरून वापरून वरची नक्षी पुसून गेलेली, पार गुळगुळीत. कुठे चेपलेलं नाही, चिरलेलं नाही. सासूबाईंनी एक हातात घेऊन तळव्यावर तोलली आणि माझ्याकडे न बघता – न बघताच, तेच तर वाईट – म्हणाल्या, ‘ह्याला म्हणायचं सोनं. नातसुनेच्या हातात जाईल.’

तेव्हापासून माझं डोकं त्या पाटल्यांतून निघेना. पोरगी भाकरी थापायला बसली की मी तिच्या हातांकडे बघायची. तिनं माझं काय वाकडं केलं होतं? काही नाही हो. ‘आक्का, आक्का’ करत मागे असायची. माझी धाकटी तापानं फणफणली तेव्हा रात्रंदिवस मांडीवर घेऊन बसली. तिचा राग यावा असं तिनं एकही काम केलं नाही. मला तिचा रागही नव्हता, मला तिचे ते हात नको होते.

बहात्तर सालचा दुष्काळ पडला. रेशनवर ती परदेशी तांबडी ज्वारी, मिलो, मिळायची, तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही. अशा दिवसांत माझ्या वडिलांनी घरी खायला म्हणून गव्हाचं एक पोतं पाठवलं. मी कशी ताठ झाले असेन, सांगा बरं! पहिल्यांदाच माझ्या माहेरचं काहीतरी भरीव या घरात आलं होतं. सासूबाई तेव्हा भावाकडे पारनेरला गेल्या होत्या. त्या यायच्या आत गहू निवडून, पारा लावून कणगीत भरायचा असं मी ठरवलं.

पारा लावणं म्हणजे काय, हे आता कुणाला ठाऊक नसेल. आमच्या दुकानातली ती जुनी रीत. पाऱ्याचे थेंब राखेत घालून खलत बसायचं. ते बारीक होत होत दिसेनासे होतात आणि राख नुसती करडी दिसते. मग ती राख धान्याला दोन्ही हातांनी चोळायची, की कीड लागत नाही. ते विष आहे हे आमच्या बापजन्मात कुणी सांगितलं नव्हतं. सासरी ही रीतच नव्हती, इथे कडुनिंबाचा पाला घालायचे. पाऱ्याची बाटलीही माझ्याच माहेरून आलेली.

आणि एक गोष्ट माझी आई प्रत्येक वेळी न चुकता सांगायची. आधी हातातलं सोनं काढून डब्यात ठेवा. पारा सोन्याला लागला की सोनं पांढरं पडतं. चांदीसारखं दिसायला लागतं.

आता कळलं ना तुम्हाला? थांबा पण. मला ते नीट बोलू दे.

राख मी आदल्या दिवशीच खलून ठेवली होती, शालन नळावर गेलेली असताना. सकाळी चादरीवर गहू पसरला. मग आतल्या खोलीत गेले आणि माझ्या पाटल्या, अंगठी, मंगळसूत्रसुद्धा – गळ्यात काळी पोत घालून मंगळसूत्र काढलं – सगळं डब्यात ठेवलं. झाकण लावलं. बाहेर आले. शालन पदर खोचून, दोन्ही हातांत पाटल्या घालून तयार बसली होती.

ती म्हणाली, ‘आक्का, तुमी पाटल्या काडल्या?’

तिनं विचारलं होतं. हे लक्षात घ्या. मी विसरले असं मला म्हणता येणार नाही, तशी सोयच तिनं ठेवली नाही. मी म्हणाले, ‘हात सुजलाय गं, आवळतात.’ आणि राखेचं भांडं तिच्यापुढे सरकवलं. ‘दाणे मोडू नको. हलक्या हातानं चोळ.’

चोळला तिनं. मनगटापर्यंत हात घालून, गाणं गुणगुणत, सगळं पोतं. मी समोर बसून चोळत होते आणि तिच्या पाटल्या बघत होते. आधी कडेला एक पांढरा ठिपका आला. मग दोन ठिपके एकमेकांत मिसळले. मला काय वाटलं विचारता? तेव्हा भीती वाटली नाही. खोटं कशाला बोलू – बरं वाटलं.

हात धुताना तिला दिसलं. घाबरली बिचारी. चिंच लावली, रिठा लावला, मातीनं घासलं, तसतशा त्या जास्तच चकाकायला लागल्या. ‘आक्का, त्या राखंनं झालं का वं हे?’ म्हणजे खेड्यातल्या पोरीलाही शंका आली होती. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, ‘राखेनं कुठे सोनं पांढरं होतं का? राखेनं तर भांडी उजळतात.’

तिनं मान हलवली. पटलं तिला. माझं कुठलंही बोलणं तिला पटायचं.

इथपर्यंत थांबले असते तरी काही बिघडलं नव्हतं, कारण पाऱ्याचं पांढरं काही कायमचं नसतं. विस्तवावर धरलं की पारा उडून जातो आणि सोनं पुन्हा पिवळं होतं. थोडं निस्तेज दिसतं, बारीक खड्डे राहतात, बस्स. हेही आईनंच सांगितलेलं. माझ्या मनात होतं की दोन दिवस तिला रडू द्यावं, सासूबाई आल्या की त्यांच्या त्या ‘सोन्या’चं तोंड त्यांना बघू द्यावं, आणि मग आपणच शहाणपणानं पुढे होऊन सांगावं. असं मी मनाला समजावलं होतं. खरंच सांगणार होते का? मला नाही वाटत.

सासूबाई आल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आधी शालनचे हात पाहिले आणि घर डोक्यावर घेतलं. ‘चांदीवर मुलामा! फसवलं आपल्याला!’ सरकारनं सोन्यावर बंधनं आणली, चौदा कॅरेटचं निघालं, तेव्हापासून लोकांचा सोन्यावरचा विश्वास उडालाच होता. जो तो दुसऱ्याच्या दागिन्याकडे संशयानं बघायचा. दीर हळूच म्हणाले, ‘सराफाला दाखवू या का एकदा?’ सासूबाई विचार करायला लागल्या. कुठल्याही सराफानं नुसतं बघून सांगितलं असतं. अहो, हातात घेऊन तोलल्या असत्या तरी कळलं असतं, चांदी कुठे एवढी जड असते? पण संताप चढल्यावर कोण तोलतं!

आणि मी बोलले. सबंध प्रकरणात आपणहून बोललेलं हे माझं एकच वाक्य. ‘सराफाकडे नेलं तर पेठभर होईल. लोक म्हणतील, एवढ्या शहाण्या, आणि फसल्या.’

पुरलं तेवढं. सासूबाईंना कुठे बोट लावायचं हे मला चांगलं माहीत होतं. पाटल्या सराफाकडे गेल्या नाहीत. शालनच्या वडिलांना निरोप गेला.

ते एसटीनं आले. धोतर, फाटका कोट, हातात पोरीसाठी शेंगांची पिशवी. दुष्काळात शेंगा कुठून आणल्या कोण जाणे. सासूबाईंनी पाणीसुद्धा विचारलं नाही, पाटल्या पुढ्यात टाकल्या आणि तोंडाचा पट्टा सोडला. आतल्या दारात शालन, तिच्या मागे मी. ‘घेऊन जा तुमची मुलगी, खरं सोनं आणाल तेव्हा आणून घाला,’ एवढं सासूबाई बोलून गेल्या होत्या.

मला वाटलं म्हातारा भांडेल. भांडायला हवं होतं त्यानं. ओरडला असता, सोनाराला बोलवा म्हणाला असता, तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. तो नुसता पाटल्या बोटांनी चाचपत बसला. मग म्हणाला, ‘इहीनबाई, पोरीला बोल लावू नगा. ही पाळन्यात हुती तवा असाच दुकाळ पडला हुता. मी खडी फोडाया लांब गेल्तो. मागं हिच्या आईनं पोरं जगिवली. घरात दानं कुठनं आलं, मी कवा इचारलंच न्हाई. तिनं ह्याच मोडल्या असत्याल. मला कळू नये म्हनून ह्या मुलाम्याच्या करून घातल्या.’ आणि तो रडायला लागला. रागानं नाही हो – बायकोच्या आठवणीनं. ‘मरंस्तवर बोलली न्हाई,’ म्हणाला.

तुम्ही लक्षात घ्या काय झालं ते. त्याची बायको मेलेली. खऱ्या सोन्याच्या पाटल्या तिनं मरेपर्यंत हातात घातल्या, लेकीसाठी ठेवून गेली. आणि मी बसल्या जागी तिला खोटी ठरवली. नवऱ्याच्या तोंडून ठरवली.

एक वाक्य बोलायचं होतं. ‘त्या जरा विस्तवावर धरा.’ चूल पेटलेली होती! त्याच चुलीवर मी त्याच्यासाठी चहा केला होता आणि कपबशी हातात धरून उभी होते. शालननं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. हो, हात ठेवला. बाहेर जाऊन चहा दिला. त्यांनी तो घेतला नाही.

सासूबाई रडण्यानं विरघळल्या, शालनला माहेरी पाठवली नाही. पण तिचं नाव पडलं – ‘मुलाम्याची’. मुलाम्याची, पाणी आण. मुलाम्याची, केर काढ. दीर ऐकून न ऐकल्यासारखे करायचे. वडील पाटल्या धोतराच्या सोग्यात बांधून गेले ते पुन्हा आमच्या उंबऱ्याला आले नाहीत. तिला मुलगा झाला, बारशाला अंगडं-टोपडं भावाबरोबर आलं, आजोबा आले नाहीत. म्हणे, ‘कोणत्या तोंडानं येऊ?’ शालन दाराकडे बघत पाळण्याची दोरी ओढत होती. वडिलांना ती दादा म्हणायची. रात्री माझ्याजवळ बसून म्हणाली, ‘आक्का, आईनं आमाला जगवायला मोडल्या, मग मला कशाची लाज? पन दादा उगाच तोंड लपवत्यात.’ मी हं म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तेव्हा सांगता आलं नसतं का? आलं असतं. त्याआधीही आलं असतं, त्यानंतरही. म्हातारा जिवंत होता. बस होती, पत्र होतं, मला पाय होते. दिवस जात गेले आणि मला त्याची सवय झाली. गव्हाला कीड लागली नाही. तो आम्ही सगळ्यांनी खाल्ला.

पुढच्या एका उन्हाळ्यात शालनचे वडील वारले. ती गेली, दिवस घालून परत आली आणि तिनं जे सांगितलं ते ऐकताना मी खांब धरला. म्हाताऱ्यानं मुलाला सांगून ठेवलं होतं, ‘तुज्या आईच्या पाटल्या माज्यासंगं जाऊ द्या. खोट्या असल्या तरी तिच्या हातच्या हायेत.’ तशा त्या चितेवर ठेवल्या. राख सावडायला गेले तेव्हा राखेत दोन पाटल्या सापडल्या. काळवंडलेल्या. चिंच लावून पुसल्या तर पिवळ्या. पिवळ्याधमक.

पारा उडाला होता, दुसरं काही नाही. चुलीपुढे जे क्षणात झालं असतं, ते व्हायला त्या माणसाला मरावं लागलं.

वाडीत कुणी तसं म्हणालं नाही. सगळे म्हणाले, शालनच्या आईनं, त्या माऊलीनं, आगीतून खरेपणा दाखवला. शालनचाही त्यावर विश्वास बसला. भावानं पाटल्या तिला दिल्या, तिनं त्या आमच्या देव्हाऱ्यात ठेवल्या. सासूबाईंनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्या, हळदकुंकू वाहिलं. शेजारपाजारच्या बायका दर्शनाला आल्या. आणि मीही – काय सांगू तुम्हाला – मीही पुढे झाले, वाकले आणि नमस्कार केला. वरचे बारीक खड्डे मला डोळ्यांनी दिसत होते.

‘मुलाम्याची’ हे नाव त्या दिवशी गेलं. तिच्या वडिलांचं आमचा उंबरा चढणं राहून गेलं ते गेलंच.

त्याच आठवड्यात एका दुपारी शालन त्यातली एक पाटली घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, ‘आक्का, ही तुमी घाला.’ मी म्हणाले, अगं जोडी मोडू नये. ती ऐकेना. ‘समद्यांनी मला बोल लावला. तुमी एकट्यानं कवा वाकडा शबुद काडला न्हाई. दादा रडले तवा माज्या पाठीवर हात तुमचाच हुता. ही आईच्या हातची हाय, तुमच्याच हातात शोभंल.’

आता तरी बोलायला हवं होतं. घरात आम्ही दोघीच होतो. ती माझ्यापुढे उकिडवी बसली होती आणि तिचे डोळे भरून आले होते. मला भीती वाटत होती, लाज वाटत होती, आणि – हेही सांगून टाकते – ती पाटली मला हवी होती.

माझा हात तिच्यापेक्षा जाड. पाटली अंगठ्याच्या सांध्याशी अडली. तिनं न्हाणीतून साबण आणला, माझ्या हाताला फेस चोळला, माझी बोटं एकत्र आवळून धरली आणि म्हणाली, ‘दुखलं तर सांगा.’ मी हात मागे घेतला नाही. पाटली सहज जावी म्हणून मी अंगठा आत दुमडून धरला.